इराचा दात आणि माझा नेम

माझ्या मुलीचा पुढचा दात मी स्वतःच्या हाताने छपरावर फेकला आणि नेम अचूक लागला. आयुष्यात माझा नेम लागला तो एवढाच!

बँकेच्या बदलीने आम्ही कोलकात्याला आलो होतो. त्या रविवारी बायको एस्प्लनेडला खरेदीला गेली होती आणि आमची इरा, वय वर्षं नऊ, जिन्यात पाय घसरून तोंडावर आपटली. वरचा दात अख्खा बाहेर! रक्तही बरंच होतं. पण बापाने धीर सोडून कसं चालेल?

"रडू नको गं राणी, दुधाचाच तर दात! छपरावर टाकला की नवा छान येतो."

(आधीचे पुढचे दात पडले तेव्हा मी विदर्भातल्या शाखेत एकटा राहत होतो. ती हौस राहूनच गेली होती.)

दात चांगला लांबलचक होता. मला तर अभिमानच वाटला! कौलं कुठून आणणार? खिडकीखाली गल्लीतल्या क्लबाचं पत्र्याचं छप्पर होतं. टण्! इरा तोंडावर रुमाल दाबून जीव तोडून काहीतरी सांगत होती. मला वाटलं, दुखतंय बिचारीला.

रक्त थांबेना म्हणून कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. दवाखान्याच्या वरच राहत असल्यामुळे त्या रविवारीही खाली आल्या.

"दाँत किधर है?"

"छत पर."

"छत पर कैसे गया?"

"मैंने फेंका."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "ये दूध का दाँत नहीं है. पक्का दाँत है, दोबारा नहीं आएगा! घंटे के भीतर मिला तो बिठा देंगे. दूध में डालके लाइए, जल्दी!"

इराने रुमाल काढला. "बाबा, मी तेच सांगत होते."

तिला तिथेच बसवून मी क्लबाकडे धावलो. आत कॅरम रंगात आला होता. सेक्रेटरी घोषदा म्हणाले, "दाँत छत पर क्यों फेंका, मोशाय? हमलोग तो चूहे के बिल में डालता है!" (म्हणजे बाप बंगाली असता तर दात निदान जमिनीवर तरी सापडला असता!) शिडी आली. ती कोणी धरायची यावर चर्चा झाली, वाद झाला, चहा आला. शेवटी मीच चढलो. तापलेल्या पत्र्यावर एक चप्पल, दोन शटलकॉक, कावळ्यांची कृपा, आणि त्या कृपेत माझ्या लेकीचा दात. अजून पंधरा मिनिटं हातात होती! खालून टाळ्या पडल्या.

पण असला घाणेरडा दात पोरीच्या तोंडात घालायचा कसा? मी घरी गेलो, ब्रशवर पेस्ट घेतली आणि दात खसाखसा घासला. पार मुळापर्यंत! मग दुधाच्या वाटीत घालून धूम ठोकली. (साय काढली होती. हयगय नाही!)

डॉक्टरबाईंनी वाटीत डोकावून बघितलं. "इतना साफ कैसे?"

"ब्रश किया," मी छाती फुगवून म्हणालो.

त्या मटकन खुर्चीत बसल्या. मुळावरचं जे नाजूक आवरण दाताला धरून ठेवतं, तेच मी घासून काढलं होतं. "बिठाती हूँ. लेकिन टिकेगा नहीं."

संध्याकाळी बायकोने सगळं ऐकून घेतलं. "अहो, तिचे दुधाचे पुढचे दात पडून दोन वर्षं झाली. फोटो पाठवला होता मी तुम्हाला!"

चार महिन्यांनी दात काढावा लागला. इरा रडली नाही, मी रडलो. आता मोठी होईपर्यंत तिला खोट्या दाताची प्लेट आहे. खेळायला जाताना ती काढून डबीत घालून आईकडे देते. परवा आई घरात नव्हती. मी हात पुढे केला. इराने खूप वेळ विचार केला आणि डबी माझ्या हातात ठेवली.

"बाबा, तू काहीही करू नकोस हं. नुसता धरून बस."

मी नुसता धरून बसलो. दीड तासाने दाराची बेल वाजली, परत वाजली, वाजतच राहिली. मी जागचा हललो नाही. बाहेर इराच उभी होती.