बदललेल्या पुड्या

मोज्यांच्या कारखान्यात तिला सगळे भिंगबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिला ते ठाऊक होतं. मोजा हातात चढवायचा, आत बोटं फाकायची आणि उजेडाकडे धरून फिरवायचा. सैल टाका, सुटलेला धागा, टाचेपाशी राहिलेली गाठ, तिच्या नजरेतून काही म्हणता काही सुटत नसे. घरीही नजर तीच. दूधवाल्यापासून सख्ख्या नणंदेपर्यंत कुणावर तिचा एकदम विश्वास बसला, असं कधी झालं नाही.

तपासणीच्या टेबलावर एक रीत होती. खराब जोड दिसला की तो मुकाट्याने काढायचा आणि शेजारच्या ढिगातला चांगला जोड त्याच्या जागी ठेवायचा. खोकं भरलेलं राहतं. यंत्रावरच्या बाईला मात्र सांगायचं नाही. सांगितलं की भांडण, रडारड, आणि वर तक्रार ती वेगळीच. काढायचा, दुसरा घालायचा, गप्प बसायचं. या रीतीवर भिंगबाईची उभी हयात सुखात गेली होती.

नवरा फरशा बसवायचा. आयुष्यभर गुडघ्यांवर रांगून त्याने लोकांची घरं गुळगुळीत केली आणि स्वतःचे गुडघे कामातून घालवले. जिना चढताना एका हाताने कठडा धरायचा आणि तोंडाने देवाला. डॉक्टरांनी व्यायाम सांगितले होते, ते त्याने दोन दिवस केले. मग कुणीतरी बाजारामागच्या बोळातल्या पुडीवाल्याचा पत्ता दिला आणि हा रोज सकाळी पाण्यातून एक पुडी घेऊ लागला. कागदाची साधी पुडी, आत तपकिरी भुकटी, वर ना नाव ना गाव.

आठवडा झाला नाही तोच गडी दोन मजले चढून आला आणि वर शीळ घालू लागला. दोघांचं जेवण एकटा जेवू लागला. भिंगबाईला आधी भलताच संशय आला. या वयात शीळ? तिने त्याचे सदरे हुंगून पाहिले, तर सिमेंटचाच वास आला. दोन-तीन महिन्यांनी तिचं लक्ष चेहऱ्याकडे गेलं. गाल फुगून वाटोळे झाले होते. कुठे जरा आपटलं तरी कातडीवर काळानिळा डाग उठत होता. शेजारीपाजारी म्हणत होते, साहेब काय टवटवीत दिसताहेत. हिच्या मनात मात्र पाल चुकचुकली. इतक्या वर्षांचं दुखणं असं चुटकीसरशी जातं, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

एक दिवस कामावरून परस्पर ती पुडीवाल्याकडे गेली. अरुंद दुकान, भिंतभर खण, आणि गल्ल्यावर मधाळ बोलणारा म्हातारा. पुडीत काय असतं, तिने सरळ विचारलं. आजोबांची कृती आहे, मुळ्या आणि पानं, तो म्हणाला. मुळ्या दाखवा, म्हटल्यावर तो घुटमळला. मग म्हणाला की माल हल्ली तयारच येतो, कुठून ते विचारू नका.

"झाडपाला आहे, ताई. झाडपाल्याने कधी कुणाचं वाईट झालंय?"

"कण्हेरही झाडच असते," भिंगबाई म्हणाली.

तो हसला. मीसुद्धा पाठीसाठी हेच घेतो, असं त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं. आणि हसताना त्याचे गाल वर चढले, तेव्हा तिने ते नीट निरखून पाहिले. तेच फुगलेले, वाटोळे गाल. तिचा नवरा आणि हा म्हातारा एका साच्यातून काढल्यासारखे दिसत होते.

घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं, एकदा डॉक्टरांना पुडी दाखवा. तो म्हणाला, डॉक्टरांना कशाला, हे काय औषध आहे? ती हट्टाला पेटली तसा तोही पेटला. तुला माझं बरं झालेलंही बघवत नाही, म्हणाला. हे तिला फार लागलं. तिने कारखान्यातलीच रीत धरली. सुंठ आणि दालचिनी कुटून रंग जुळवला, तशाच कागदाच्या, तशाच घडीच्या पुड्या बांधल्या आणि डब्यात ठेवल्या. मूळच्या पुड्या शिवणाच्या पेटीत दडवल्या. डबा भरलेला होता. तिने ताकास तूर लागू दिली नाही.

थोड्याच दिवसांत शीळ थांबली. मग भूक गेली. अंगात त्राण नाही, उठलं की घेरी, घास घेतला की उलटी. भिंगबाई घाबरली नाही, उलट मनातून थोडी खूशच झाली. विष बाहेर पडतंय, असं तिने आपलं आपणच ठरवून टाकलं. तिची शंका खरी होती ना! नवरा बिचारा पुडीवर विश्वास ठेवून दिवसाला दोन घेऊ लागला. शेवटी एका सकाळी तो न्हाणीघरात कोसळला आणि हाक मारली तरी नीट ओ देईना, तेव्हा तिची खुशी जागच्या जागी जिरली.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब मोजला, परत मोजला आणि कपाळाला आठ्या घातल्या. कसली औषधं चालू आहेत? नवरा क्षीण आवाजात म्हणाला, औषध काही नाही. त्याचे फुगलेले गाल पाहून त्यांनी पुन्हा विचारलं, झाडपाल्याचं, ताकदीचं, काहीही? तेव्हा त्याने गुडघ्याच्या पुडीचं कबूल केलं.

"मध्ये बंद केली होती का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"एक दिवसही चुकवली नाही," तो म्हणाला. "आजही घेतली."

डॉक्टरीणबाई पोटाच्या संसर्गाबद्दल परिचारिकेशी बोलू लागल्या. भिंगबाई पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. त्यांनी बंद करण्याबद्दल का विचारलं, हे तिला कळलं नव्हतं, पण त्या उत्तरावर विसंबून त्या दुसऱ्या वाटेला लागल्या, एवढं तिला स्वच्छ दिसलं. ते उत्तर खोटं आहे हे त्या खोलीत फक्त तिला माहीत होतं. बोलावं तर नवऱ्यासमोर बोलायचं. न बोलावं तर तो हातचा जाईल.

"यांनी घेतली ती पुडी खरी नव्हती," ती म्हणाली. "मी बदलली होती. सगळ्याच बदलल्यात."

डॉक्टरीणबाई गर्रकन वळल्या. किती दिवस झाले एवढंच त्यांनी विचारलं आणि लगेच इंजेक्शन मागवलं. सलाईन लागल्यावर त्यांनी तिला समजावलं. अशा निनावी भुकटीत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. ते बाहेरून मिळत राहिलं की शरीर स्वतःचं तसं द्रव्य बनवणं सोडून देतं, आणि बाहेरचं एकाएकी तोडलं की माणूस असा कोसळतो. ते हळूहळू उतरवावं लागतं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. तुमचा संशय बरोबर होता बाई, त्या म्हणाल्या, पण तो घेऊन इथे यायचं होतं. भिंगबाईने पेटीतल्या पुड्या आणून दिल्या. तपासात स्टेरॉइडच निघालं. पुडीवाल्यालाही निरोप गेला, की दुकान बंद करा, पण स्वतःची पुडी मनाने बंद करू नका, आधी इकडे या.

संध्याकाळपर्यंत नवऱ्याच्या तोंडावर जरा कळा आली. त्याने सगळं ऐकलं होतं. त्याने मान तिच्याकडे वळवली.

"काय घातलं होतंस त्यात?"

"सुंठ आणि दालचिनी."

"तरीच चव बरी लागत होती," तो म्हणाला. तिला हसू फुटलं आणि मिटलं एकदाचं, असं तिला वाटलं.

घरी आल्यावर रोज सकाळी एक गोळी द्यायची होती, पुढे कमी कमी करत जायची. पहिल्या दिवशी तिने पाण्याचा पेला आणि तळहातावर गोळी पुढे केली. त्याने गोळी उचलली, पण तोंडात टाकली नाही. खिडकीकडे धरून पाहिली, बाजूला ठेवली. मग उशाशी ठेवलेलं गोळ्यांचं पाकीट घेऊन, त्यातून स्वतः एक गोळी काढून घेतली.

"उद्यापासून माझी मी घेत जाईन," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता.

ती पेला घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याशी उभी राहून रडली. पण तो चुकला, असं काही केल्या तिला म्हणवेना.