ताप उतरला की गोळी बंद

हे वाक्य माझं. औषधांच्या नावावर चाललेल्या लुटीविरुद्ध मी पत्रक लिहिलं आणि एरंडोलच्या बसस्टँडवर उभं राहून वाटलं. शेवटी ठळक अक्षरांत छापलं होतं : ‘ताप उतरला की गोळी बंद करा. शरीराला औषधाची सवय लावू नका.’ कुणाला विचारून लिहिलं? कुणालाच नाही. पत्रक लिहायला मला नानांनी, माझ्या वडिलांनी शिकवलं. त्यांचा नियम एकच : पत्रकात ‘मी’ नसतो, ‘आम्ही’ असतो.

मग लिंबाच्या बागेत नानांच्या तळपायात काटा मोडला. पू झाला. डॉक्टरांनी सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी सूज ओसरली आणि उरलेल्या गोळ्या आईच्या डब्यात गेल्या. असा डबा आमच्या गल्लीत घरोघरी असतो. कुणाचं काही दुखलं की शेजारीण त्यातूनच गोळी काढून देते.

तीन आठवड्यांनी पाय पुन्हा सुजला. नानांनी डब्यातल्या गोळ्या दोन दिवस घेतल्या आणि बरं वाटताच सोडल्या. पाय चिघळल्यावर जळगावला दवाखान्यात नेलं तेव्हा पायाची बोटं काळी पडली होती, लाली घोट्याकडे सरकत होती. सर्जननी पू तपासायला पाठवला, इंजेक्शन सुरू केलं आणि घोट्यावर पेनाने रेघ ओढली. “लाली हिच्या वर चढत राहिली तर पाय कापावा लागेल.”

दोन दिवस मी त्या रेघेवरून नजर हलवली नाही.

“अशी काय देखस?” नाना म्हणाले. “रेघ पळी जाई का?”

“नाना, गोळ्या का सोडल्या?”

“तूच लिखेल शे ना! तुनं पत्रक माले पाठ शे.”

आई फणकारली, “बापले पत्रक पाठ, डॉक्टरनी चिठ्ठी पाठ नही!”

मला हसू आलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी प्रयोगशाळेत जाऊन भांडले. रिपोर्टला एवढा उशीर का?

“जंतू वाढल्याशिवाय मी काय वाचू, ताई?” तिथल्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी काचेआडून एक झाकलेली बशी दाखवली. आत जंतूंची धुरकट साय आणि तिच्यावर औषधाच्या बारा टिकल्या. औषध लागू पडलं की टिकलीभोवती स्वच्छ कडं उमटतं. कडी दोनच होती. नानांच्या गोळीच्या टिकलीला साय चिकटून वाढली होती.

“म्हणजे वडिलांच्या शरीराला सवय लागली?”

“शरीराला नाही हो. बदल जंतूंत असतो. लाखोंत एखादा आधीच वेगळा निघतो. तो औषधाचे तुकडे करतो, नाहीतर आत आलेलं औषध बाहेर फेकतो. बाकीचे मेले की रान त्याला मोकळं. चांगलं खायला मिळालं तर अर्ध्या तासात एकाचे दोन. वर ही युक्ती तो शेजारच्या जंतूलाही देतो.”

“म्हणजे डब्यातल्या गोळ्यांमुळेच...”

“त्यामुळेच झालं, असं छातीवर हात ठेवून नाही सांगणार. असे जंतू बाहेरूनही येतात. पण अर्धा मार दिल्यावर मागे कोण उरणार, तुम्हीच सांगा.”

रिपोर्ट घेऊन मी धावत वॉर्डात आले. लाली एका जागी रेघ ओलांडून गेली होती. सर्जननी इंजेक्शन बदललं. त्या दिवशी लाली तिथेच राहिली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी रेघेखाली नेहमीच्या रंगाची कातडी दिसली. पाय वाचला. दोन बोटं गेली.

घरी आल्यावर मी नवं पत्रक लिहून नानांपुढे ठेवलं. पहिलंच वाक्य होतं : ‘मी चुकीचं लिहिलं आणि माझ्या वडिलांनी ते पाळलं.’

“पत्रकमा ‘मी’ नही ऱ्हास,” नाना म्हणाले.

“या पत्रकात राहील.”

त्यांनी पट्टी बांधलेला पाय जपून खाली टेकवला. मग आईला हाक मारून म्हणाले, “तो गोळ्यासना डबा आन. बसस्टँडवर मी बी येसू.”