पोत्यात झाकलेला बोर्ड

वायरिंग करताना तारेचे तुकडे उरतात. फेकवत नाहीत म्हणून कोपऱ्यात टाकत जायचे, आणि एक दिवस बघावं तर पाय ठेवायला जागा नाही. लायसन्सच्या भानगडीतले किस्से असेच साठलेत माझ्याकडे. चहावर दोस्त म्हणतात, लिहून काढ. मी आठवी नापास माणूस. जसं बोलतो तसंच लिहिणार. शुद्ध पाहिजे असेल तर ग्वाल्हेरच्या लश्कर भागात खूप शिकलेले मराठी लोक आहेत, त्यांच्याकडे जा.

आमचं गाव ग्वाल्हेरजवळ, डबऱ्याच्या पुढे. पूर्वज फौजेत होते, जमीन मिळाली, तिथंच राहिले. घरी मराठी, शेतात हिंदी. राग मला हिंदीतच येतो, मराठीत पुरत नाही.

अठरा वर्षं ग्वाल्हेरात वायरिंग केली, पण ठेकेदार गुप्ता सेठच्या लायसन्सवर. भिंती मी फोडल्या, पाटी त्यांची लागली. चाळिशी झाली तेव्हा ठरवलं, आता आपल्या नावाचं लायसन्स पाहिजे.

*

पहिले वायरमन परमिटची तोंडी परीक्षा. टेबलामागे तीन परीक्षक. मधल्यानं विचारलं, “आदमी करंट से चिपक गया. पहले क्या करोगे?”

“मेन बंद करूँगा.”

“फिर?”

“देखूँगा ज़िंदा है क्या.”

“मान लो ज़िंदा है.”

“तो एक कान के नीचे दूँगा.”

“क्यों भाई?”

“बोला था ना उसको, मेन बंद करके चढ़.”

दोघे माझ्याकडे बघत राहिले. मधला खाली मान घालून पाणी पीत होता, त्याला ठसका लागला. पास झालो. त्या ठसक्यानंच पास केलं असं मी मानतो.

*

मग अनुभवाचा कागद. तो गुप्ता सेठनं लिहून द्यायचा. सेठ रोज म्हणे, “कल आना.” शेवटी दिला, त्यात काय लिहिलं होतं? ‘जाधव हमारे यहाँ कभी-कभी आता था.’

अठरा वर्षं, आणि कभी-कभी!

मी खिशातून पेचकस काढला, स्टूल ओढलं आणि त्यांच्या बैठकीतला पंखा उतरवायला लागलो.

सेठ ओरडले, “अरे, क्या कर रहा है?”

म्हटलं, “सेठजी, ये घर मैंने किया था. पर मैं तो कभी-कभी आता था, तो इतना काम मेरा हो नहीं सकता. जिसका है उससे लगवा लो.”

पंखा खाली आला, दोन ट्यूबलाइटी खाली आल्या. देवघराच्या बल्बला हात घातला तशी सेठाणी आतून म्हणाल्या, “लिख दो जी, आरती का टाइम है.”

नवा कागद मिळाला. पंखा परत लावून दिला. त्याचा पगार मागितला नाही.

*

ठेकेदाराला पदरी एक सुपरवायझर ठेवावा लागतो, सर्टिफिकेटवाला. लायसन्ससाठी घेतलेल्या माझ्या नव्या दुकानाच्या दारावर चिठ्ठी चिकटवली. पहिला डिप्लोमावाला आला, बूट चकाचक.

“साइट पे नहीं जाऊँगा, धूल से एलर्जी है.”

दुसऱ्याला विचारलं, तार जोडता येते का?

“मैं क्यों जोड़ूँ? मैं तो सुपरवाइज़र हूँ.”

दोघांना माझ्या हिंदीत निरोप दिला.

तिसरे आले जोशीकाका. बिर्लानगरच्या एका मिलमध्ये बिजलीचे सुपरवायझर होते, मिल बंद झाली तेव्हापासून घरोघरी सत्यनारायण सांगतात. सर्टिफिकेट पोथीच्याच कापडात गुंडाळलेलं.

म्हटलं, “काका, काम येतं का अजून?”

काका सरळ माझ्या दुकानाच्या स्विचबोर्डापाशी गेले, नाक लावलं, वास घेतला.

“न्यूट्रल ढिला आहे,” म्हणाले. “तुझ्या स्वतःच्या दुकानात.”

मला राग आला. बोर्ड उघडला. मग जास्त राग आला, कारण खरंच ढिला होता, स्क्रू काळा पडला होता.

काकांची एकच अट. “साइटवर शिवी दिलीस की त्या दिवशी मी पूजेला जाईन.”

पहिल्या महिन्यात काकांच्या अकरा पूजा झाल्या.

*

तोवर मी दुकानाचा बोर्ड रंगवून घेतला होता. पेंटरनं विचारलं, “सरकार मान्य भी लिखूँ?” म्हटलं लिख, येतंच आहे लायसन्स. लाल अक्षरात लिहिलं, ‘जाधव इलेक्ट्रिकल्स, सरकार मान्य ठेकेदार’.

काकांनी बघितलं आणि दारातच थांबले. “लायसन्स कुठाय?”

“येतंय.”

“मग येईपर्यंत झाक. नाहीतर बोर्ड बाहेर आणि तू आत.”

गव्हाचं रिकामं पोतं घेतलं आणि बांधलं त्यावर. दुकान फूलबागेजवळ, भर रस्त्यात. सात महिने पोतं तसंच. समोरचा चहावाला रोज विचारायचा, “जाधव जी, दुल्हन का घूँघट कब उठेगा?”

त्याच्या चहागाडीची वायरिंग मीच केली होती. एकदा दोन दिवस बंद करून ठेवली. काका पूजेला गेले.

*

पोतं उतरत नव्हतं त्याला कारण मीच. पहिला फॉर्म परत आला, फोटो डावीकडे लावला म्हणून. ठीक. दुसरा घेऊन गेलो. उन्हाळा, लायसन्सच्या दफ्तरात कूलर. बाबूला कूलर चालू करायचा होता. त्यानं टेबलावरची लाकडी फुटपट्टी घेतली आणि लांबून, तोंड फिरवून, फुटपट्टीनं बटन दाबलं.

मला राहवलं नाही. “बाबूजी, बिजली का लाइसेंस यहीं से मिलता है ना?”

“हाँ.”

“तो पहले आप ले लो.”

फॉर्म परत.

काकांनी विचारलं, “आता काय कमी आहे म्हणाले?”

“तमीज.”

काकांनी फॉर्म माझ्या हातातून काढून घेतला. मग म्हणाले, “तिसऱ्यांदा परत आला तर सगळं पहिल्यापासून. परीक्षा, सेठचा कागद, सगळं. आता तिसरा फॉर्म भरू, मग दफ्तरातले साहेब दुकान तपासायला येतील. तू बोलायचं नाही. ते विचारतील, तू हो म्हणायचं. बस.”

गुप्ता सेठच्या घरचा पंखा पुन्हा उतरवायची माझी ताकद नव्हती. म्हटलं, हो.

*

तपासणीत साहेब मेगर बघतात. मेगर म्हणजे हँडलवाला डबा. हँडल फिरवलं की तारेतून करंट गळतोय का ते कळतं. कायदा असा, की प्रत्येक ठेकेदाराकडे स्वतःचा पाहिजे. आणि आमच्या ठेकेदार मंडळींत मेगर एकच, मुरारमध्ये बिजलीचं सामान विकणाऱ्या रशीदभाईंचा, हँडलला हिरवी टेप. ज्याच्याकडे तपासणी, त्याच्याकडे तो जाणार. साहेब पुढच्या दुकानात पोचायच्या आत रशीदभाई स्कूटरवरून डबा तिथं पोचवणार. इतकी वर्षं कधी चुकले नाहीत. साहेबासमोर मात्र ते कधी जायचे नाहीत, मागच्या गल्लीत स्कूटर चालू ठेवून उभे राहायचे.

त्या दिवशी मुरार झालं, थाटीपूर झालं, तिसरा नंबर माझा, चौथा बिर्लानगरच्या दुकानाचा. काका धुतलेल्या धोतरात. मी दाढी करून, तोंड बंद करून बसलेलो.

फोन आला. रशीदभाई.

“जाधव, स्कूटर पंक्चर हो गई.”

माझं डोकं फिरलं. काकांनी माझा हात धरला.

“अरे सुन तो. एक जीप फूलबाग ही जा रही थी, डब्बा उसमें रखवा दिया. तेरी दुकान बता दी, बोरी वाली. बड़ा भला आदमी है.”

फोन ठेवला आणि दारात जीप थांबली. साहेब उतरले. काखेत फाइल, हातात हिरव्या टेपचा मेगर.

टेबलावर ठेवला. खुर्चीत बसले. पाणी प्यायले. तारा बघितल्या, अर्थिंग बघितलं, काकांचं सर्टिफिकेट बघितलं. मग फॉर्म उघडून पेन काढलं.

“मेगर?”

काकांनी मेगरकडे बोट दाखवलं.

“आपका अपना है?”

काकांनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय ठेवला, सगळं वजन टाकून. सात महिन्यांचं पोतं माझ्या डोळ्यासमोर आलं. हो म्हणायला तोंड उघडलं.

“नहीं है,” मी म्हणालो. “आप ही तो लाए हो.”

काकांनी डोळे मिटले. बहुतेक सत्यनारायण आठवत होते.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. “सुबह से दो जगह देखा इसको. दोनों ने कहा, अपना है.”

त्यांनी फॉर्मवर काहीतरी लिहिलं, सही केली, फाइल बंद केली. मेगर उचलून पुन्हा हातात घेतला आणि बाहेर गेले. जीपपाशी थांबून वर बोर्डाकडे बघितलं.

“जाधव जी, वो बोरी उतारो.”

मी स्टूल आणायला पळालो.

“और इसमें लपेट के दो,” मेगर पुढे करत साहेब म्हणाले. “बिर्लानगर की सड़क बहुत ख़राब है.”