कळशीतली माती

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. आमच्या ह्यांना माहीत होती, पण ती मी सांगितली म्हणून नव्हे, पेटी त्यांनीच आणली होती म्हणून. ते गेले, आणि मग ती एकट्या माझीच राहिली. पोराला सांगितली नाही, सुनेला नाही. देवापुढं बसूनही कधी तोंडातून निघाली नाही. देवाला माहीतच असणार म्हणून गप्प बसायची, की त्यालाही कळू नये असं वाटायचं — आता कुणी सांगावं?

तुम्ही म्हणाल, एवढं काय केलं असेल ह्या बाईनं? चोरी? चोरीच म्हणा. पण चोराला निदान ती वस्तू हवी असते. मला तर ती वस्तू डोळ्यांपुढं नको होती. मग ठेवली का? — तेच तर सांगायला बसले आहे, आणि तेच सांगताना माझी जीभ इकडंतिकडं पळून राहिली आहे.

ज्योतीपासून सुरू करते.

ज्योती माझी भाची, धाकट्या भावाची एकुलती एक लेक. भाऊ किल्लारीच्या बाजूला एका खेड्यात शेती करायचा. त्या वर्षी गणपती बघायला म्हणून पोरीला आमच्याकडं लातूरला पाठवलं होतं. सात वर्षांची होती. माझ्या श्रीकांतचा हात धरून विसर्जन बघून आली, दमून झोपली, आणि पहाटे जमीन हलली. आमच्या भिंतींना भेगा गेल्या, तेवढंच. भावाच्या गावात मात्र माळवदाची घरं — दगडाच्या भिंती, वर हातहातभर पांढरी माती. भाऊ आणि भावजय कमल, दोघंही त्या मातीखाली गेले. सणाला आलेली पोर तशीच माझ्याकडं राहिली.

बाराव्या दिवशी हे गावाकडून आले, ते एक पत्र्याची पेटी घेऊन. झाकण चेपलेलं. आत पितळेची सहा भांडी: एक कळशी, एक परात, दोन डबे, दोन तांबे. कळशी तर मातीनं ठासून भरलेली. आणि प्रत्येक भांड्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं — चि. ज्योती.

कमलची ती रीत होती. दरसाल सुगी झाली की निलंग्याच्या बाजारातून एक भांडं घ्यायची आणि तिथंच मशीनवर पोरीचं नाव घालून आणायची. मी हसायचे. म्हणायचे, "अगं, पोरीचे दुधाचे दात पडले नाहीत, आणि तू रुखवत मांडून राहिलीस?" ती म्हणायची, "वन्सं, येळेला एकदम कुठून आणू? आन् नाव आत्ताच घातलेलं बरं. पुन्हा कुणी माझं म्हणायला नगं." सहा भांडी, सहा सुग्या.

पेटी माळ्यावर टाकली, तेव्हा माझ्या मनात पाप नव्हतं. एवढं तरी खरं सांगू द्या. पोर बोलत नव्हती. महिना झाला तरी तोंडातून शब्द नाही. तिच्या आईची वस्तू तिला कशी दाखवायची? थोडी सावरू दे, मग देऊ, असं आम्ही दोघांनी ठरवलं.

मग एका दुपारी तिला ताप भरला. मी कपाळावर पट्ट्या ठेवत होते. ग्लानीत ती म्हणाली, "आई." आणि मी — मला लेक नव्हती हो, लई हौस होती — मी "ओ" दिली. पोरीनं डोळे उघडले, माझ्याकडं नीट बघितलं, आणि भिंतीकडं तोंड करून निजली.

सात वर्षांचं लेकरू, तापलेलं. त्याचा कुणाला राग येतो का? मला आला. पोरीचा नव्हे, कमलचा. मेलेल्या बाईचा. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, ती पेटी खाली येणार नाही. ह्या घरात ह्या पोरीला माझ्याशिवाय दुसरी आई असणार नाही. शब्द एवढे स्पष्ट नव्हते, पण अर्थ हाच होता. आता लिहिताना तो लपवून काय करू?

ज्योती बोलू लागली, शाळेत पहिली येऊ लागली. सगळी गल्ली म्हणायची, भाचीला पोटच्या पोरीसारखं केलं बाईनं. केलंच होतं. खोटं नाही. पण जितकं लोक म्हणत, तितकी ती पेटी माळ्यावर जड होत गेली. हे दर दिवाळीच्या साफसफाईला म्हणायचे, "अगं, देऊन टाक की पोरीला." मी म्हणायचे, "देऊ की, काय घाई आहे?"

चौदा वर्षांची असेल तेव्हा तिनं मला सरळ विचारलं. गहू निवडत बसलो होतो दोघी. "आत्या, आमच्या घरातलं काहीच सापडलं नाही का गं? एखादं भांडं, काहीही?"

मी गव्हातून मान वर केली नाही. म्हटलं, "काहीच नाही, बाई. सगळं मातीत गेलं."

हे एक वाक्य. त्याच्या आधी देणं सोपं होतं. त्याच्यानंतर दिलं असतं, तर भांड्यांसोबत हे खोटंही द्यावं लागलं असतं.

तोवर लातूरला क्लासेसचं वेड आलं होतं. कुठून कुठून पोरं यायची, डॉक्टर व्हायला. गल्लीत घरागणिक होस्टेल झालं, आम्हीही वरच्या दोन खोल्या पोरांना दिल्या. त्यांच्या गाद्या, त्यांची पुस्तकं माळ्यावर चढली आणि पेटी त्यांच्या मागं दिसेनाशी झाली. ज्योतीचं लग्न ठरलं, नांदेडचा मुलगा, रेल्वेच्या ऑफिसात. मी तिच्या रुखवतात नवी कोरी भांडी मांडली. त्यांच्यावर काय घातलं, सांगू? "चि. सौ. कां. ज्योती हिस आत्याकडून सप्रेम." बायका वाचून वाहवा करत होत्या, आणि त्यांच्या डोक्यावर माळ्यात कमलची सहा भांडी बसलेली.

हे गेले. श्रीकांत तेव्हा ऑस्ट्रेलियात नोकरीला लागला होता. म्हणाला, आई, एकटी काय करतेस, आता कायमची इकडंच ये. घर क्लासवाल्यांना विकलं. सामान बोटीनं जायचं होतं. हैद्राबादहून बांधणारी माणसं आली — खोकी, चिकटपट्ट्या, फुग्याफुग्यांचा कागद. यादी इंग्रजीत करायची, प्रत्येक खोक्यात काय आहे ते नगानिशी लिहायचं, म्हणून नांदेडहून ज्योती चार दिवस रजा घेऊन आली. तिचं अक्षर मोत्यासारखं, शाळेत शिकवते ना.

तुम्हाला वाटेल, पेटी तिथंच का नाही सोडली? तीच तर अडचण होती. मागं राहील ते सगळं ज्योती आवरणार होती, किल्ल्याही तिच्याकडंच. मोडीत घालायची म्हटलं तर नावासकट कोणत्या दुकानात नेऊ? आणि कमलची भांडी मोडीत घालायला हातही होईना. तेव्हा एकच वाट दिसली — आपल्यासोबत समुद्रापार न्यायची. पाणी ओलांडलं की संपलं. माझी ही अक्कल.

पण त्या देशाचा नियम फार कडक. लाकूड नको, बी नको, आणि मातीचा तर कणही नको. मी पाटा-वरवंट्यासाठी हटून बसले होते, तेव्हा ज्योती म्हणाली, "आत्या, तू अख्खं लातूरच खोक्यात भरून राहिलीस की." सगळे हसले. मीही हसले. आणि तेवढ्यात वर चढलेल्या माणसानं पेटी खाली उतरवली. झाकणातून पांढरी माती फरशीवर सांडली.

त्यांचा मुकादम म्हणाला, "अम्मा, ये मिट्टी नही चलती. एक भी दाना मिला तो पूरा माल रोकते."

ज्योती हातात पेन घेऊन उभी. तिनं विचारलं, "आत्या, ह्यात काय आहे?"

आता तरी सांगायचं होतं ना? ती समोर होती, पेटी समोर होती. तोंड उघडलंही मी. आणि म्हटलं, "माझी जुनी भांडी. धुऊन देते."

पेटी ओढत मी न्हाणीघरात नेली आणि आतून कडी घातली. कळशीतली माती दगडासारखी झालेली. उलथन्याच्या दांड्यानं कोरून कोरून काढली. मातीत ज्वारीचे काही दाणे निघाले, काड्या निघाल्या. माझ्या भावाच्या घराचं छत होतं ते. जे त्यांच्या अंगावर पडलं, ते मी नळ सोडून मोरीत वाहून लावलं. मग चिंच घेऊन घासत बसले. बाहेरून ज्योतीचा आवाज — "एवढं काय घासून राहिलीस गं? तुझी कंबर दुखंल. दे इकडं, मी घासते."

"नको. तू यादी कर," मी म्हटलं.

सहाही भांडी कोरडी करून, कागदात गुंडाळून मी बाहेर आणली. मुकादमानं एका तांब्याचा कागद सोडला. त्यानं आत बोट फिरवलं, बोट बघितलं, "साफ है," म्हणाला आणि पुन्हा गुंडाळला. ज्योती मान खाली घालून लिहीत होती. तिनं वाचून दाखवलं: पितळी भांडी, जुनी, नग सहा, स्वतःच्या वापरातली. मी खाली सही केली. तिच्या आईनं तिच्यासाठी जमवलेलं सगळं तिनं स्वतःच्या अक्षरात माझ्या नावावर लिहून दिलं, आणि वर मलाच विचारलं, "चहा टाकू का, आत्या? किती घाम आलाय तुला."

तिकडं सामान पोचलं. सुनेनं कळशी हौसेनं दारापाशी ठेवली. नाव वाचून म्हणाली, "आई, ह्याच्यावर ज्योतीताईंचं नाव कसं?" मी म्हटलं, निघताना तिनंच दिली, आठवण म्हणून. त्यानंतर नांदेडचा फोन आला की मी उठून फोनपाशी जाऊन बसायची. सून बोलता बोलता कळशीचं काही म्हणाली तर? कळशीची नावाची बाजू मी भिंतीकडं करायची. ती फडकं मारताना पुन्हा फिरवायची, मी पुन्हा वळवायची. पाच वर्षं हाच खेळ. मग त्यांनी घर बदललं, लहान घर घेतलं. श्रीकांतनं विचारलं, "आई, ही जड भांडी ठेवायची का?" मी म्हटलं, "नको, देऊन टाक." कुठल्याशा दुकानात देऊन आला, जुनं सामान फुकट घेणाऱ्या. त्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं. हेही लिहून ठेवते — खरंच, सुटल्यासारखंच वाटलं.

तिकडं माझं काही जमलं नाही. थंडी, गुडघे, दिवसभर बोलायला माणूस नाही. ज्योतीला फोनवरच कळलं. म्हणाली, "आत्या, माझ्याकडं ये." आले. आज सहा वर्षं मी नांदेडला तिच्या घरी आहे. ती माझ्या पायाला तेल लावते, गोळ्या हातात आणून देते. जावईही तसेच, देवमाणूस. सुटले म्हणत होते ना? सकाळी तिच्या हातचा पहिला चहा घेते, तेव्हा ती कळशीच डोळ्यांपुढं येते.

गेल्या महिन्यात तिच्या मुलीला, माझ्या नातीला, लातूरला क्लासला पाठवायचं ठरलं. ज्योती तिचं होस्टेलचं सामान बांधत होती. ताट, वाटी, तांब्या, डबा — बाजारातून सगळ्यांवर पोरीचं नाव घालून आणलं होतं. तांब्यावरच्या नावावरून बोट फिरवत ती सहज म्हणाली, "आत्या, माझी आई असती तर तिनं घातलं असतं का गं माझ्या भांड्यांवर नाव?"

आणि मी काय केलं? मी म्हटलं, "तुला चहा ठेवू का?" आणि उठून आत गेले.

मी फारशी शाळा शिकलेली नाही. बोलते तसं लिहिते. माझ्या वेलांट्या-उकार चुकतात, म्हणून मी काही लिहिलं की ज्योतीच ते वाचून स्वच्छ करून देते. ही पानंही मी दुसऱ्या कुणाला देणार नाही. तिच्याच टेबलावर ठेवणार आहे, तिच्या वह्यांच्या गठ्ठ्यावर. ती शाळेतून आली की वाचेल. मी घरातच असेन, माझ्या खोलीत.

ज्योती, तू विचारलंस ना, घातलं असतं का. घातलं होतं. सहाही भांड्यांवर.