कोमट पाण्याची बादली

आई मँचेस्टरला आली ती मार्चपर्यंत राहायचं ठरवून. बाबा गेल्यानंतरचा हा पहिला हिवाळा तिने पुण्याच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये एकटीने काढू नये, एवढीच माझी इच्छा होती. मी हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, त्या महिन्यांत बहुतेक नाइट ड्यूटीच. घरात आम्ही दोघीच. पहिल्याच दिवशी मी तिला घरातल्या चार गोष्टी सांगितल्या. त्यात हेही सांगितलं, की सकाळी मी येऊन झोपते, तेव्हा जरा आवाज करू नकोस. सांगितलं आणि विसरून गेले.

दुसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "पाणी कोमटच येतं गं."

मी शॉवर घ्यायचे आणि मला तर चांगलं कढत पाणी मिळत होतं. तरी खाली स्वयंपाकघरात जाऊन पाणी तापवणाऱ्या गॅस बॉयलरचं प्रेशर पाहिलं, ठीक होतं. गरम पाण्याचं बटण थोडं पुढे सरकवलं. मग वर बाथरूममध्ये नळ पूर्ण सोडला. आरसा वाफेने भरून गेला.

"हे बघ!" मी म्हणाले, जिंकल्यासारखी.

"हो की," आई म्हणाली. "आता येतंय."

चार दिवसांनी पुन्हा तेच. रात्रभर वॉर्डात उभी राहून आलेली मी, माझा पारा चढला. "आई, तुला इथं सगळंच गार लागतं. पाण्याला काही झालेलं नाही." त्यानंतर पाण्याचा विषय तिने काढला नाही, आणि मला वाटलं, प्रश्न सुटला. पेशंटने तक्रार करणं थांबवलं म्हणजे तो बरा झाला, असं मी हॉस्पिटलमध्ये कधी मानलं नसतं. घरात मात्र खुशाल मानलं.

नोव्हेंबर संपता संपता तिला खोकला लागला. एका दुपारी स्वेटरची घडी घालता घालता ती म्हणाली, "तिकीट अलीकडचं मिळतं का बघ. मार्च फार लांब आहे."

मला रडू आलं, पण त्याआधी राग आला. तो बॉयलरवर काढावा म्हणून मी गॅस इंजिनिअरला फोन केला.

पन्नाशीचा, शांत माणूस होता. त्याने बॉयलर उघडून पाहिला, मी सोडलेल्या नळाखाली थर्मामीटर धरला. दोष काहीच नव्हता. मी आईकडे पाहिलं. कसं पाहिलं ते आठवलं की आजही लाज वाटते. तो मात्र मला म्हणाला, "तुम्ही नको. त्यांना रोजच्यासारखा नळ सोडू द्या."

आईने टबमध्ये बादली ठेवली, जराशी तिरकी केली, आणि नळ इतका बारीक सोडला, की धार बादलीच्या आतल्या कडेवरून मुकाट्याने खाली उतरत गेली. इंजिनिअरने जिन्यात उभं राहून कान दिला. खाली बॉयलर पेटत होता, विझत होता.

"एवढ्या बारीक धारेला याची ज्योत टिकत नाही," तो म्हणाला. "पाणी जोरात वाहिलं तरच तापतं. पण त्या एवढा बारीक का सोडतात?"

मी आईला मराठीत विचारलं.

"भिंतीपलीकडे तुझा पलंग ना," ती म्हणाली. "तू नुकतीच येऊन पडलेली असतेस. भरायला वेळ लागतो खरा, पण तुला जाग येत नाही."

इंजिनिअर उत्तराची वाट पाहत उभा होता.

"तिला पाणी वाचवायची सवय आहे," मी इंग्रजीत सांगितलं. खरं सांगायला जीभ रेटेना. तो कौतुकाने हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरी येऊन पडले, पण डोळा लागला नाही. भिंतीपलीकडे बाथरूमचं दार लागल्याचं कळलं. मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मी उठले, दार वाजवून आत गेले. आई टबच्या काठावर बसली होती. बादली तिरकी, धार बारीक. मी हात पुढे करून नळ पूर्ण सोडला. बादलीत पाणी दणदणत पडलं आणि वाफ वर आली.

"अगं, तू झोप ना," ती म्हणाली.

मी तिच्या शेजारी काठावर बसले.

"मला जाग येऊ दे, आई," मी म्हणाले. "मार्चपर्यंत रोज येऊ दे."