शेवटच्या तीन ओळी

"तुम्ही कापलेल्या ओळी मला वाचून दाखवा," वंदनाताई फोनवर म्हणाल्या.

"अहो, अवांतर होत्या त्या."

"असू द्या. वाचा."

मी वाचायला लागलो. तिसरी ओळ मला दोनदा वाचावी लागली. तोवर ते लेखन येऊन आठ दिवस उलटून गेले होते.

आधी माझं काम सांगतो. ही दोन हजार सहा-सातच्या आसपासची गोष्ट. एका पेपरच्या वर्धा ऑफिसात चौदा वर्षं उपसंपादकी करून मी एका मराठी वेबसाइटवर मॉडरेटर झालो होतो. मॉडरेटर म्हणजे राखणदार. लोक लिहून पाठवतात, ते आधी आमच्याकडे रांगेत येऊन थांबतं. आम्ही वाचतो, काटछाट करतो आणि पास करतो. मगच ते सगळ्यांना दिसतं. मी हिंगणघाटला घरीच कॉम्प्युटर मांडून बसायचो. मॅडम, म्हणजे आमच्या बॉस, पुण्यात होत्या.

माझ्याकडे 'चिंतन' नावाचा विभाग होता. कर्म आहे का, मुक्ती कशापासून, दुःखाचं मूळ काय, असल्या चर्चा. लहानपणापासून विहारात मोठ्यांच्या चर्चा ऐकत वाढलेला मी, मला हे काम जाम आवडायचं. अडचण एकच होती. 'दुःख म्हणजे काय' असा विषय निघाला, की लोक आपापलं दुःख घेऊनच यायचे. कोणाची नोकरी गेलेली, कोणाचं लग्न मोडलेलं. चर्चेचा पार विचका व्हायचा. त्याहून वाईट म्हणजे, महिनाभर झोप नसलेल्या माणसाला कोणीतरी जग कसं मिथ्या आहे ते पटवून द्यायला बसायचा.

म्हणून मॅडमनी 'मनमोकळं' हा वेगळा विभाग काढला. तो वंदनाताईंकडे. त्या मानसिक आजारांच्या वॉर्डातून निवृत्त झालेल्या नर्स, राहायला वर्ध्याला. तिथं आलेलं प्रत्येक पत्र त्या स्वतः वाचायच्या, उत्तर द्यायच्या, गरज दिसली तर डॉक्टरांकडे पाठवायच्या. नियम साधा होता. विचार माझ्याकडे, त्रास त्यांच्याकडे. माझ्या रांगेत कोणाचा त्रास आला, तर तो मी त्यांच्याकडे पाठवायचा.

मी पाठवत नव्हतो. मी कापून टाकत होतो. कोण कुठे ईमेल करत बसणार, हे एक कारण. दुसरं म्हणजे पेपरातली खोड. बातमी लांबली की उपसंपादक ती शेपटाकडून कापतो, कारण बातमीत महत्त्वाचं ते सगळं वर असतं आणि खाली उरतं ते फुटकळ. माझी कात्री ऑफिसात प्रसिद्ध होती. लोक कौतुक करायचे आणि मी फुगायचो.

'पांथस्थ' या नावानं लिहिणारा एक सभासद होता. शुद्ध, घोटीव मराठी. मला वाटायचं, कुठला तरी प्राध्यापक असणार. त्यानं लिहिलं होतं, जगण्याला हेतू नसेल, तर रोज उठून जगत राहणं ही नुसती सवय आहे का? चार परिच्छेद, एकाला एक जोडलेले. वाचून मी खूश झालो. आणि अगदी खाली, एकदम आपल्या वऱ्हाडीत, तीन ओळी होत्या.

'बाकी दोन हप्त्यांपासून जेवण जाऊन नाई राह्यलं. ड्युटीवर लोकं बोलते, मले ऐकूच नाई येत. कोणी बोलन काय माह्यासंगं?'

मी त्या उडवल्या. चांगल्या लेखाला ठिगळ लागलंय असं वाटलं. माझी स्वतःची घरातली भाषा तीच. तरी उडवल्या.

चर्चा जोरात चालली. चाळीस-पन्नास उत्तरं आली. शेवटी मी स्वतः मैदानात उतरलो. लिहिलं, 'जगणं निव्वळ सवय असेल, तर हे लिहिण्याचा खटाटोप कशासाठी? लिहिलंत, तिथंच तुमचा मुद्दा हरला.' वा सर, वा सर झालं. संध्याकाळी त्याचा मला ईमेल आला. 'सर, तुमचं बरोबर आहे. माझ्याकडे उत्तर नाही.'

तो ईमेल मी मॅडमना पुढे पाठवला. वर लिहिलं, 'पांथस्थ चितपट!'

मॅडमचा लगेच फोन आला. "मस्त! ही चर्चा पहिल्या पानावर घेऊ."

त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. हे लिहिताना आजही मान खाली जाते.

त्यानंतर पांथस्थ एकदम गप्प झाला. हरला म्हणून रुसला असेल, असं मी धरून चाललो. पहिल्या पानावरची चर्चा वंदनाताईंनी वाचली आणि त्यांचा फोन आला. यानं एवढंच लिहिलं होतं का, हा त्यांचा पहिला प्रश्न. मूळ लेखन फक्त त्या विभागाच्या मॉडरेटरला दिसायचं. मग त्या ओळी मी वाचल्या, ते वर सांगितलंच.

"नोंदणीत पत्ता आहे?" त्यांनी विचारलं.

"गाव समुद्रपूर. व्यवसाय... वाहक."

एसटीचा कंडक्टर. आणि तिथल्याच कुठल्या तरी सायबर कॅफेत, कीबोर्डवर एकेक अक्षर शोधत तो लिहीत असणार. त्या तीन ओळींना त्याला पाव तास तरी लागला असेल. मला कापायला दोन सेकंद लागले.

"निघा," वंदनाताई म्हणाल्या. "आणि ऐका. समजावू नका. वाद तर बिलकूल नको. जेवला का, एवढं विचारा आणि ऐकून घ्या."

समुद्रपूरची बस धरली. देवा, धर्मा, जे कोणी असाल ते, माणूस जिवंत असू द्या, एवढंच घोकत होतो. आयुष्यभर देव नाही म्हणून वाद घातलेला मी.

स्टँडवर नोंदणीतलं नाव सांगून चौकशी केली तर एक खाकीतला ड्रायव्हर पुढे आला. बाबाराव नाव. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कोण तुमी त्याचे?"

"ओळखीचा आहे. कॉम्प्युटरवर ते लिहायचे ना..."

"अच्छा, ते सायेब तुमीच का?" त्याचा आवाज चढला. "रोज सुट्टी झाली का कॅफेत पळे. म्हणे, सायबाचं उत्तर आलं असन. काय लिवलं हो तुमी त्याले?"

"ते बरे आहेत का, ते आधी सांगा," मी म्हणालो.

बाबारावनं सांगितलं. एक दिवस दुपारच्या फेरीत पांथस्थानं डबा न उघडताच बाबारावच्या हातात दिला. म्हणाला, आता तुह्याजवळच ठेव. "म्या म्हटलं, काऊन रे, झालं काय तुले? तर रडाले लागला. गाडी डेपोत लावली आन् सीधा दवाखान्यात नेला. चार दिवस भरती होता. कालच घरी आणला."

एक 'काऊन रे'. माझ्या वेबसाइटवरच्या चाळीस-पन्नास विद्वानांपैकी एकालाही ते सुचलं नव्हतं. अर्थात त्यांना त्या ओळी दिसल्याच नव्हत्या. मला दिसल्या होत्या.

त्याचं नाव सांगत नाही, देवराव म्हणू या. मागून त्याला विचारूनच हे लिहितोय. तो ओसरीत खाटेवर बसला होता, चेहरा सुकलेला. मी नाव सांगितलं तर उठायला लागला. मी त्याला बसवलं. हात जोडले. "त्या ओळी मी कापल्या, भाऊ. चूक माही आहे," म्हणालो. ऑफिसची भाषा तोंडात येईचना.

"कापल्या होत्या का?" त्यानं विचारलं. रागावला असता तर बरं झालं असतं. "म्या तं खालचे उत्तरंच पाहो. मले वाटलं, सगळ्यायनं वाचल्या आन् कोणालेच बोलायचं नसन."

मी विचारलं, जेवले का? तो हो म्हणाला. त्याच्या बायकोनं चहा आणला, तो मी मान वर न करता प्यालो.

घरी येऊन मी मॅडमना सगळं कळवलं आणि राजीनामा लिहिला. त्या फोनवर चिडल्या.

"सोडून जाणं सोपं आहे. काम नीट करा."

तसं करत गेलो. दोन्ही विभाग तसेच राहिले. ते वेगळे ठेवणं बरोबरच होतं, आजही तेच म्हणतो. फक्त मी लेखन शेपटाकडून वाचायला लागलो. कापलेली प्रत्येक ओळ त्याच दिवशी वंदनाताईंकडे जायची आणि लिहिणाऱ्याला तसं कळवलं जायचं. बातमी लिहिणारा महत्त्वाचं आधी सांगतो. जीव घाबरा झालेला माणूस ते सगळ्यात शेवटी सांगतो, तेही जमलं तर. चौदा वर्षं कात्री चालवून मला हे माहीत नव्हतं.

सहा-सात महिन्यांनी पांथस्थाचा लेख रांगेत आला. औषधं चालू होती, ड्युटीही चालू होती. या वेळी त्यानं माझ्याच जुन्या युक्तिवादाची पाच परिच्छेदांत चिरफाड केली होती, आणि बरोबर केली होती. मी शेपटाकडून वाचला. खाली लिहिलं होतं, 'आज बाबारावच्या डब्यातलं वांगंबी म्याच खाल्लं.'

लेख पास केला. दुपारी मॅडमचा फोन आला.

"चिंतनमध्ये हे वांगं काय करतंय? अवांतर नाही का ते?"

"आहे," मी म्हणालो. "राहू द्या."