कादंबरीतली आई

माझ्या पहिल्या कादंबरीतली मुलगी आठ वर्षांची असताना तिची आई जाते. मग ती कोळशाने भिंतीवर चित्रं काढू लागते आणि पुढे चित्रकार होते. माझी आई मात्र आजही आहे. डहाणूच्या बाजारात मासळी विकून तिनेच मला शिकवलं.

तलासरीच्या ज्या कॉलेजात मी मराठी शिकवते, तिथे गेल्या वर्षी या कादंबरीवर चर्चासत्र झालं. "मला पण येऊ दे की," म्हणत आई ठेवणीतली साडी नेसून आली आणि पुढेच बसली. बाहेरून आलेले एक प्राध्यापक मनोविश्लेषणाच्या अंगाने बोलले. कलावंत व्हायचं तर मुलीला मनातल्या आईपासून सुटावं लागतं. आई मरावी ही लेखिकेच्या नेणिवेतली इच्छा होती, ती तिने कादंबरीत पुरी करून घेतली, असं त्यांचं म्हणणं. समोर कोण बसलंय, हे त्यांना बिचाऱ्यांना ठाऊक नव्हतं. मी आईकडेच बघत होते. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

परतताना चारोटीला गाडी बदलायची होती. नाक्यावर चहा घेताना तिने विचारलं, "मी होते म्हणून तुला लिहिता येत नव्हतं का गं?"

"तसं नाही, आई. माझ्या पाठची धाकटी तापाने गेली, त्यानंतर तू माझ्याशी बोलायचीच थांबलीस. जेवायला वाढायचीस, वेणी घालायचीस, पण माझ्याकडे बघायची नाहीस. ते घर लिहिलंय मी."

मला वाटलं होतं, हे ऐकून तिला बरं वाटेल.

ती हायवेवरच्या ट्रककडे बघू लागली. मग म्हणाली, "मला वाटायचं, तू लहान आहेस. तुला काय कळतंय."

चहा तसाच ठेवून ती उठली.

आता दुसरी कादंबरी सुरू केली आहे. मी लिहायला बसले, की आई उठून बाहेर जाते आणि वाळत घातलेल्या बोंबलांपाशी उन्हात बसते.

"आत ये ना, आई."

"तू लिही. मी नाही असं समज."

तिच्या आवाजात राग नसतो. मी जाऊन तिच्याशेजारी बसते. कादंबरी पहिल्या प्रकरणातच अडली आहे.